राईपर्यंतची वेस

"वेस कुठपर्यंत धरायची, काका?"

सुभाषगुरुजींनी अगदी सहज विचारलं. संकल्प सांगताना ते हा प्रश्न सगळ्यांनाच विचारत. पण पाटावर बसलेल्या गुणवंतरावांच्या तळहातावरचं पाणी एकदम हिंदकळलं, आणि सोफ्यावर शाल पांघरून बसलेल्या अनसूयाबाईंनी एकदम मान वर केली. अगं बाई... हा प्रश्न आज यायला नको होता! निदान दिव्या दारात उभी असताना तरी नको होता!

दिव्या, त्यांची एकुलती एक मुलगी, नुकतीच उत्तनहून आली होती. खांद्यावरची पिशवीसुद्धा तिने अजून खाली ठेवली नव्हती. "आई आजारी आहे, मी तिच्यासाठी सप्ताहाला बसतोय, तू ये," असा बाबांचा फोन गेला म्हणून ती आली होती. बाबांसाठी. आईच्या पिवळ्या पडलेल्या चेहऱ्याकडे तिने एकदा पाहिलं होतं, आणि लगेच नजर देवघराकडे वळवली होती. सात वर्षांत ती आईशी एक शब्द बोलली नव्हती, ती आजच कशी बोलणार?

सप्ताहाला बसणाऱ्याने सात दिवस वेस ओलांडायची नाही, असा नियम आहे. एकदा जेवायचं, जमिनीवर झोपायचं, त्या दिवसाचे अध्याय पुरे होईपर्यंत आसनावरून उठायचं नाही, कुणाशी बोलायचं नाही आणि गावाबाहेर पाऊल टाकायचं नाही. खेडेगावात वेस दिसते तरी. भाईंदरमध्ये एका बिल्डिंगची भिंत संपते तिथे दुसरीचं पार्किंग सुरू होतं, तिथे वेस शोधायची कुठे? म्हणून गुरुजी ती घरच्या कर्त्याला विचारतात. कर्ता म्हणेल तिथपर्यंत गाव, आणि त्यापुढे परका मुलूख.

"काका... पाणी गळतंय," गुरुजी हळूच म्हणाले.

"अहो, सांगा ना काहीतरी," अनसूयाबाई क्षीण आवाजात म्हणाल्या. "खाडीपासून... काशीमीऱ्यापर्यंत म्हणा. सोडा पाणी."

त्यांनी डोळ्यांनी किती विनवलं नवऱ्याला! बोलू नका... आता बोलून काय उपयोग? इतकी वर्षं मी जे पदराखाली झाकून ठेवलं, ते आता माझ्या शेवटच्या दिवसांत उघडं करू नका हो!

पण गुणवंतरावांची मान खालीच होती.

टेलिफोन खात्यातून निवृत्त झाल्यावर गुणवंतरावांनी सोसायटीच्या हॉलमध्ये दर गुरुवारी स्वाध्याय सुरू केला होता. परळची खोली विकून भाईंदर वेस्टला आलेली त्यांच्यासारखीच नोकरदार माणसं तिथे जमत. गुणवंतरावांचा आवाज खणखणीत होता, पाठांतर पक्कं होतं आणि समजावण्याची हौस तर विचारूच नका! कुणी नवीन आलं की ते आधी शब्दाचा अर्थ सांगत. "स्वाध्याय म्हणजे नुसतं पोथी वाचणं नव्हे. वाचायचं, समजून घ्यायचं आणि तसं वागायचं. तिसरं जमलं नाही तर पहिली दोन फुकट गेली असं समजा." ऐकणारे माना डोलवत. अनसूयाबाई मागे बसून चहाच्या थर्मासचं झाकण घट्ट करत. नवऱ्याचा अभिमान वाटायचे ते दिवस होते, आणि तो त्यांना भरभरून वाटायचाही.

मग दिव्याने उत्तनच्या कॅल्विनशी लग्न केलं. पोरगा बँकेत नोकरीला, वागायला नम्र, मराठी त्यांच्यापेक्षा गोड बोलणारा! पण ख्रिश्चन. गुणवंतरावांनी आरडाओरडा केला नाही. तो केला असता तर बरं झालं असतं... ते नुसते गप्प झाले. दिव्याचं नाव त्या घरात उच्चारलं जायचं बंद झालं. भाईंदर स्टेशनवरून उत्तनची बस सुटते, त्या स्टॉपसमोरून जाताना ते रस्ता बदलत. अनसूयाबाई मात्र भाजीला जाते म्हणून निघत आणि त्याच बसमध्ये बसत. मुलीच्या हातचा घासभर भात खाऊन, भाजीची पिशवी घेऊन दुपारच्या आत परत येत.

दिव्याला दिवस गेले तेव्हा त्यांना राहवलं नाही. त्यांनी नवऱ्याचे पाय धरले. "तुम्ही तिच्याशी बोलू नका, पण मला तिच्यासाठी सप्ताहाला बसू द्या. पोरगी सुखरूप मोकळी होऊ दे." स्वाध्यायाला नाही म्हणणं गुणवंतरावांना शक्यच नव्हतं. त्यांनी होकार दिला. पण संकल्पाच्या वेळी गुरुजींनी विचारलं, वेस कुठपर्यंत, तेव्हा ते क्षणभर थांबून म्हणाले होते, "राईपर्यंत."

राईपर्यंत! राईच्या पुढे मोरवा, डोंगरी आणि मग उत्तन. महानगरपालिका एक, बसचा नंबर एक, नळाला येणारं पाणीसुद्धा एक... पण वेस राईच्या वळणावर संपली. अनसूयाबाईंना सगळं समजलं. आपण लेकीसाठी बसणार, आणि लेक वेशीपलीकडे! तरी त्या काही बोलल्या नाहीत. दिव्याची तारीख पंधरवडाभर लांब होती. सप्ताह पार पडला की जाऊ, असं त्यांनी मनाशी ठरवलं, डोळे पुसले आणि आसनावर बसल्या.

पण बाळाने तारीख पाळली नाही.

सप्ताहाच्या मधल्याच एका दुपारी त्यांनी त्या दिवसाचा शेवटचा अध्याय संपवला, पोथीला नमस्कार केला आणि मागे वळून पाहिलं, तर गुणवंतराव खुर्चीत बसलेले, हातात बंद केलेला मोबाईल, आणि चेहरा... तसा चेहरा त्यांनी आयुष्यात पाहिला नव्हता. "कॅल्विनचा फोन होता," ते म्हणाले. "मघाशी." कितीशा मघाशी, ते विचारायला अनसूयाबाई थांबल्याच नाहीत. होत्या तशा सोवळ्यात, अनवाणी पायांनी त्या जिना उतरल्या. राईचं वळण केव्हा मागे पडलं तेही त्यांना कळलं नाही. रिक्षात शेजारी गुणवंतराव होते, आणि लग्नानंतर दोन वर्षांनी ते पहिल्यांदाच ती वेस ओलांडत होते.

त्या उत्तनच्या हॉस्पिटलात पोचल्या तेव्हा सगळं संपलं होतं. बाळ गेलं होतं.

खाटेवर दिव्या पडली होती. तिने बाबांना पाहिलं आणि तिचा बांधच फुटला! "बाबा... बाबा, तुम्ही आलात!" लहानपणी ताप आला की धरायची तशी तिने त्यांची बोटं गच्च धरली. "डॉक्टर म्हणत होते, लगेच ऑपरेशन करू. मी म्हटलं, माझी आई येऊ दे, मग सही करते. मला भीती वाटत होती हो बाबा... तुम्ही कॅल्विनला म्हणालात ना, पाठवतो म्हणून? मी वाट बघत बसले... मी कुणाचं ऐकलं नाही..." आणि मग तिची नजर आईकडे गेली. आईच्या सोवळ्याकडे. "तू का नाही आलीस?"

अनसूयाबाईंनी नवऱ्याकडे पाहिलं. त्याच क्षणी त्यांना सारं कळलं. निरोप आला होता, यांनी तो दिला नव्हता! अध्याय पुरा होईपर्यंत हा माणूस माझ्या पाठीमागे निरोप घेऊन बसून राहिला होता! त्यांच्या अंगाची लाही लाही झाली. ओठांवर शब्द आले... पण लेकीचा हात बापाच्या हातात होता. ती बोटं सुटली तर? बाळ गेलं, आता बापही जाणार? आणि हे गृहस्थ, आज कसेबसे राई ओलांडून आलेले, खरं बाहेर आलं तर पुन्हा कधी या पोरीला तोंड दाखवतील?

"सप्ताह मोडता आला नाही गं मला," त्या म्हणाल्या.

गुणवंतराव काही बोलले नाहीत. एक शब्दही नाही! दिव्याने तोंड भिंतीकडे फिरवलं.

"जा तू. तुझी पोथी वाट बघत असेल."

त्या दिवसापासून लेकीला बाप मिळाला आणि आईची लेक गेली. गुणवंतराव दर रविवारी उत्तनला जाऊ लागले. पुढे सिया झाली. तिला घेऊन दिव्या सोसायटीच्या बागेत यायची, आजोबांना खाली बोलवायची. अनसूयाबाई तिसऱ्या मजल्यावरच्या खिडकीत उभ्या राहून नातीचं चालणं बघायच्या, पडणं बघायच्या. गुरुवारच्या स्वाध्यायात तर त्यांचं कौतुकच झालं! सरूबाई दर नव्या बाईला सांगायच्या, "आपल्या वहिनींची निष्ठा बघा. पोटची पोर बोलावत होती, पण अध्याय सोडला नाही. याला म्हणतात स्वाध्याय!" तेव्हा समोर बसलेले गुणवंतराव पोथीची पानं उगाच सारखी करत. अनसूयाबाई ऐकून घ्यायच्या आणि घरी येऊन बाथरूमचा नळ मोठा सोडायच्या. नवऱ्याला त्यांनी कधी जाब विचारला नाही. विचारावा असं दर रविवारी वाटायचं, पण तो उत्तनहून येताना सियाचं काहीतरी सांगत यायचा, आणि त्या तेवढंच ऐकण्यासाठी गप्प राहायच्या.

आता डॉक्टरांनी स्वादुपिंडाचा कॅन्सर सांगितला होता, आणि फार उशीर झाला असंही सांगितलं होतं.

"काका?" गुरुजींनी पुन्हा विचारलं.

गुणवंतरावांच्या तळहातावर आता थेंबभर पाणीही उरलं नव्हतं. त्यांनी तो रिकामा हात तसाच पुढे धरला होता.

"मागच्या वेळी मी राईपर्यंत सांगितली होती," ते म्हणाले. "दिव्या, राईपर्यंतच का सांगितली ते तुला माहीत आहे?"

"अहो!" अनसूयाबाई उठायला गेल्या, पण पोटात कळ आली आणि त्या पुन्हा बसल्या. "गप्प राहा ना... तुम्हाला माझी शपथ आहे!"

"उत्तन वेशीबाहेर पडावं म्हणून. तुझ्या आईने चोरून तुझ्याकडे जाऊ नये म्हणून." त्यांचा तो खणखणीत आवाज कुठे गेला होता कुणास ठाऊक. "आणि त्या दिवशी कॅल्विनचा फोन मी घेतला. गॅलरीत जाऊन म्हटलं, पाठवतो. आत आलो तर ती वाचत होती. मनात आलं, अध्याय मधेच सोडला तर ज्याच्यासाठी वाचतोय त्याचंच वाईट होतं. तुझंच वाईट होईल, पोरी... असं मला खरंच वाटलं! म्हटलं, हा एवढा पुरा होऊ दे. मग पुढचा सुरू झाला. कॅल्विनचा परत फोन आला. मी... मी मोबाईल बंद केला."

खाली कुणीतरी गाडी मागे घेत होतं, तिचं पीं पीं तेवढं ऐकू येत होतं.

"म्हणजे आईला..." दिव्या एक पाऊल पुढे आली. "आईला माहीतच नव्हतं?"

"तिला वाचन संपल्यावर कळलं. धावतच आली ती."

दिव्याच्या खांद्यावरची पिशवी खाली पडली. ती आईसमोर जमिनीवर बसली, आणि सात वर्षांनी तिने आईच्या चेहऱ्याकडे नीट पाहिलं. गालाची हाडं वर आली होती, डोळ्यांचा पांढरा भाग हळदीसारखा झाला होता.

"का गं आई? का सांगितलं नाहीस मला? मी तुला काय काय बोलले... तुझ्या नातीला तुझ्यापासून लपवलं मी! तू एकदा तरी म्हणायचं होतंस, मला माहीत नव्हतं म्हणून!"

"त्या दिवशी तू त्यांचा हात धरला होतास गं," अनसूयाबाई म्हणाल्या. "दोन वर्षांनी धरला होतास. तो कसा सोडवू मी?"

दिव्याने आईच्या मांडीवर डोकं टेकलं आणि ती ढसाढसा रडली. अनसूयाबाईंचा हात तिच्या केसांवरून फिरत राहिला. इतक्या वर्षांत केसांत पांढऱ्या बटा आल्या होत्या पोरीच्या! त्यांना वाटलं, आता मरण आलं तरी चालेल. पण मग दिव्या उठली, वळली, आणि बापाकडे तिने ज्या नजरेने पाहिलं ती अनसूयाबाईंनी ओळखली. सात वर्षं तीच नजर त्यांनी सोसली होती.

"मी आईला घेऊन जातेय," दिव्या म्हणाली.

"अगं, सप्ताह... तिच्यासाठी..."

"बसा ना तुम्ही, बाबा. अध्याय मधे सोडू नका."

ती बेडरूममध्ये जाऊन आईचे कपडे भरू लागली. कपाटाच्या वरच्या कप्प्यात तिला एक छोटी गोधडी सापडली. आईच्या जुन्या सुती साड्यांची, बारीक टाक्यांची, कधीच न वापरलेली.

"ही कुणाची?" तिने दारातून विचारलं.

"त्याचीच," अनसूयाबाई म्हणाल्या. "राहून गेली द्यायची."

दिव्याने ती काही न बोलता बॅगेत सगळ्यात वर ठेवली.

रिक्षा खाडीच्या रस्त्याने निघाली. राईच्या वळणावर अनसूयाबाईंनी नकळत डोळे मिटून घेतले. वळण गेलं तरी त्यांच्या मनातला घोर काही गेला नाही. मला लेक मिळाली खरी... पण तिचा बाप हरवला! मी जे जपलं ते एका सकाळीत गेलं. मग ती सात वर्षं मी कशासाठी जळले?

कॅल्विनच्या आईने, पॅट्रिशियाने, त्यांना दारातूनच धरून आत नेलं. "ये गो बाय, बस. तुजी वाट बगून बगून डोलं दुखलं आमचं. पोर तोंडानं बोलली न्हाय, पन तुला इसरली न्हाय." समुद्राकडच्या खोलीत खाट तयार होती. सिया आधी दाराआडून बघत राहिली. मग गोधडी तिच्या नजरेला पडली. "ही माझ्या बाहुलीला देशील?" असं तिने विचारलं, आणि त्या दिवसापासून ती आजीच्या खाटेवरून हलेना.

एकदा कॅल्विनने त्यांना खुर्चीत बसवून चर्चच्या आवारात नेलं. भिंतीकडे लहान मुलांना पुरायची जागा होती. अनसूयाबाईंनी वाकून मातीला हात लावला. "येत होते रे बाळा," एवढंच त्या म्हणाल्या. दिव्या बाजूला उभी राहून रडत होती. कॅल्विनने दोघींवर छत्री धरली होती.

परतताना अनसूयाबाईंनी विषय काढला. "बाबांना एकदा फोन कर गं."

"नाही."

"वाईट बुद्धीने नाही केलं त्यांनी. भ्याले ते."

"आई, तू अजून त्यांचीच बाजू घेतेस? त्यांनी तुला गुन्हेगार ठरू दिलं! हॉलमध्ये बसून अर्थ सांगत राहिले लोकांना... वाचायचं, समजायचं, वागायचं! लाज नाही वाटली?"

"वाटत होती. मी बघत होते ना रोज." अनसूयाबाईंना धाप लागली. "दिव्या, तू त्यांना टाकलंस तर माझं सगळं वाया गेलं. माझ्याकडे दुसरं काही नाही गं तुला द्यायला. एक बापच दिला होता."

दिव्याने त्यांच्या पायांवरची शाल नीट केली. फोन मात्र तिने केला नाही.

सुभाषगुरुजींकडून तेवढं कळलं की काकांनी दुसऱ्या दिवशी संकल्पाचं पाणी सोडलं. वेस कुठपर्यंत, असं विचारल्यावर म्हणाले, माझ्या घराच्या उंबरठ्यापर्यंत. अनू बरी होईपर्यंत मी उंबरठा ओलांडणार नाही, एका सप्ताहावर दुसरा करीन. कुणाकडे जात नाहीत, गुरुवारचा स्वाध्याय बंद केलाय, शेजारची रुचिता दूधभाकरी नेऊन देते तेवढी खातात. ऐकून दिव्या कडवट हसली. "आणखी एक वेस! बसू दे. त्यांना तेच जमतं."

अनसूयाबाईंना हसू आलं नाही. स्वतःला असा कोंडून घेणारा माणूस त्यांना इथे बसून दिसत होता. एकभुक्त राहून पित्त होतं त्यांना, गोळी कुठल्या डब्यात आहे ते माहीत नाही... बायकोवर अन्याय केला तोही पोथीच्या आडून, आणि प्रायश्चित्त घेतायत तेही पोथीच्याच आडून! राग आला त्यांना, आणि त्या रागातच डोळे भरून आले.

मग एके दिवशी सकाळी त्यांना पाणीही गिळवेना. डॉक्टर येऊन गेले, कॅल्विनशी बाहेर हळू आवाजात बोलले. पॅट्रिशिया जपमाळ घेऊन कोपऱ्यात बसली. सियाला शेजारी पाठवलं. दिव्या आईच्या उशाशी बसून कापसाने तिचे ओठ ओले करत होती.

"त्यांना... बोलाव," अनसूयाबाई म्हणाल्या.

"आई, ते वाचायला बसले असतील आता. उठणार आहेत का ते?"

"कर तरी."

दिव्याने फोन लावला. स्पीकर सुरू केला, आईला ऐकू यावं म्हणून. रिंग वाजली... वाजत राहिली... आणि बंद झाली. तिने पुन्हा लावला. पुन्हा तेच. तिने तिसऱ्यांदा लावला. रिंग वाजून वाजून थांबली, आणि दिव्याने मोबाईल खाटेवर आपटला.

"बघ! बघितलंस? तुझ्यासाठीसुद्धा नाही! माणूस मरायला टेकलंय आणि यांचा अध्याय..." ती आईच्या हातावर कपाळ टेकवून हुंदके देऊ लागली. "नको मला तो बाप. नको!"

अनसूयाबाई छताकडे बघत राहिल्या. पंखा फिरत होता. त्यांना वाटलं, संपलं. एवढीच एक गोष्ट कमावली होती आयुष्यात, तीही हातून गेली. देवा, माझं काय चुकलं? मी खोटं बोलले ते चुकलं का? पण त्या खोट्यानेच तर सात वर्षं हे दोघं एकमेकांना धरून होते...

डोळ्यांच्या कडेने पाणी उशीत उतरत होतं. पॅट्रिशिया जपत होती, तिच्या मण्यांचा आवाज मधूनमधून यायचा. किती वेळ गेला त्यांना कळलं नाही. गुंगी येत होती, जात होती.

बाहेर रिक्षा थांबली.

"काका, छुट्टा रहने दो, पहले अंदर जाओ!" रिक्षावाल्याचा आवाज आला. आणि मग अंगणातल्या फरशीवर अनवाणी पावलं वाजली.

गुणवंतराव दारात उभे होते. अंगावर सोवळं, खांद्यावरून अर्धवट घसरलेलं उपरणं, दाढीचे खुंट वाढलेले, पायांना कुठेतरी ठेच लागून रक्त आलेलं. दिव्याने मान वर केली. तिची नजर आधी त्या सोवळ्यावर गेली, आणि तिचा चेहरा दगडासारखा झाला. तेच सोवळं! म्हणजे वाचन आटोपून निघालेले!

"झाला का पुरा अध्याय?" तिने विचारलं.

गुणवंतरावांना आधी प्रश्नच समजला नाही. ते खाटेकडे बघत होते.

"अध्याय?" ते म्हणाले. "नाही गं. कुठे सोडला तेही आठवत नाही. रिंग वाजली, तुझं नाव दिसलं... मी उठलो. फोन तिथेच राहिला बघ, पोथीवर. पोथी तशीच उघडी आहे... दारसुद्धा उघडंच टाकून आलो की काय, कळत नाही." त्यांनी दाराची चौकट धरली. "रिक्षाच मिळत नव्हती. मुर्ध्यापर्यंत चालत आलो मी... अनू आहे ना? मला उशीर नाही ना झाला?"

दिव्या त्यांच्याकडे बघत राहिली. ज्या माणसाने आयुष्यात एकही ओवी अर्धी सोडली नव्हती, ज्याने एका अध्यायासाठी तिचं बाळ... तो माणूस दारातून आत यायची परवानगी मागावी तसा उभा होता.

"अनू," ते म्हणाले, "मला काहीच समजलं नव्हतं गं. इतकी वर्षं नुसतं वाचलं मी."

अनसूयाबाईंचे ओठ हलले. शब्द बाहेर आला नाही, पण त्यांनी खाटेवरचा हात किंचित उचलला. त्या हातात ताकद नव्हती. तो तसाच अधांतरी राहिला. नवऱ्याने पुढे यायला हवं होतं, पण तो येईना. तो लेकीकडे बघत होता. एक पाऊल उंबरठ्याच्या आत, एक बाहेर.

दिव्याने डोळे पुसले. तिने आईच्या अंगावरची छोटी गोधडी नीट केली, खाटेच्या कडेवरून थोडी बाजूला सरकली आणि आपल्याशेजारी हाताने जागा दाखवली.

"तिथे उभे राहू नका, बाबा," ती म्हणाली. "इथे येऊन बसा."

गुणवंतराव आले. त्यांनी अनसूयाबाईंचा हात धरला, आणि थोड्या वेळाने त्यावर दिव्याने आपला हात ठेवला. अनसूयाबाईंना दोन्ही हात वेगवेगळे ओळखू येत होते. त्यांनी ते एकदा नीट पारखून पाहिले आणि मग डोळे मिटले.